घोडा लंगडतो, झोप मालकाची उडते

वाचकहो, आरोग्याच्या सदरात आज घोडा कुठून आला, असे आपल्याला वाटेल. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार करण्याचा मला अधिकार नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे तो नोंदणी झालेल्या पशुवैद्यकांनाच आहे आणि ते योग्यच आहे. परंतु घोडा आजारी पडला की काही दिवसांनी त्याचा मालक माझ्या दवाखान्यात येतो. तो घोड्याचे नावही काढत नाही. "डॉक्टरसाहेब, ॲसिडिटी फार वाढली," "डोके जड राहते," "रात्री छातीत धडधडते," अशी त्याची तक्रार असते. तपासावे तर रक्तदाब वाढलेला. घरी काही काळजी आहे का म्हणून विचारले तर उत्तर येते, सगळे ठीक आहे. मग सोबत आलेली बायको हळूच सांगते, "घोडी लंगडतेय हो, तीन आठवडे झाले. कशानं ते कुणालाच सांगता येत नाही."

आपल्या खानदेशातून घोडा अजून पुरता गेलेला नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरची जनावरे येतात आणि मोठमोठे सौदे होतात. टांगे बहुतेक गावांतून दिसेनासे झाले; पण वरातीला घोडी देणारे आहेत, यात्रेत पोरांना फेरी मारून आणणारे आहेत आणि हौसेने दारात एक जनावर बांधणारे शेतकरीही आहेत. यांतल्या पहिल्या दोघांचे पोट घोड्याच्या चार पायांवर चालते. एक पाय टेकेनासा झाला की घरची कमाई थांबते, चंदीचा खर्च मात्र थांबत नाही. आणि दुखण्याचे कारण सापडत नसेल, तर या दोन्ही गोष्टी किती दिवस चालायच्या हेही कोणी सांगू शकत नाही. माणूस खचतो तो येथे.

गेल्या लग्नसराईत असेच एक गृहस्थ आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांना आपण आप्पा म्हणू. रक्तदाब १६४/१००. तंबाखू दिवसाला दोन पुड्यांवरून पाचवर गेलेली, जेवण निम्म्यावर आलेले. अकरा रात्री ते तबेल्यात खाट टाकून जागे होते. पांढरी घोडी पुढचा डावा पाय टेकत नव्हती. तालुक्याच्या पशुवैद्यकांनी ती तपासली, एक्स-रे काढला, हाड साबूत निघाले. वेदनाशामक दिले की दोन दिवस बरी, मग पुन्हा तेच. आप्पा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझा पाय मोडला असता तर परवडलं असतं. निदान कुठं दुखतं ते सांगता तरी आलं असतं."

त्यांच्या आजारावर गोळ्या आहेत आणि त्या मी दिल्या. पण त्या माणसाला त्या तीन आठवड्यांतून पार काढायचे तर घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि मलाही घोड्याच्या पायाबद्दल थोडी माहिती असायला हवी होती. माझ्या एका पशुवैद्यक मित्राकडून ती मी वेळोवेळी समजून घेतली आहे. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख

आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणतो तो खरे पाहता त्याच्या हाताचे मनगट आहे. मागच्या पायाचा जो कोपरासारखा वाकलेला सांधा दिसतो, ती त्याची टाच. त्याखालचा सारा लांब भाग म्हणजे आपला तळहात किंवा तळपाय, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे वाढून टणक झालेले नख. साडेतीनशे-चारशे किलोचे जनावर चार बोटांच्या टोकांवर उभे असते. त्यातही सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. म्हणूनच पुढच्या पायाचे लंगडणे जास्त आढळते आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा खुरात असते.

आता नखाखाली पू झाल्यावर काय ठणका लागतो, हे ज्याने भोगले त्याला सांगायला नको. आपले नख थोडे तरी उचलले जाते. खुराची भिंत ताठ असते, आतल्या पुवाला जागा मिळत नाही आणि दाब वाढतच जातो. काल चांगला चालणारा घोडा आज पाय हाड मोडल्यासारखा अधांतरी धरतो, त्याचे सर्वांत नेहमीचे कारण हा खुरातला पू आहे. तो बारीक खड्याने होतो, खिळा नाजूक भागाजवळ गेल्याने होतो, पावसाळ्यात मऊ झालेल्या खुराच्या फटीतून घाण आत गेल्यानेही होतो. सुरुवातीला एक्स-रेत तो दिसेलच असे नाही. बाहेर सूजही नसते. कधी कधी तो वाट शोधत वर चढतो आणि केस संपून खूर सुरू होतो त्या रेषेवर फुटतो. यात दिवस जातात, कधी आठवडेही.

दुसरा आजार अधिक घातक. खुराच्या आतले हाड खुराच्या भिंतीला ज्या नाजूक पापुद्र्यांनी धरलेले असते, त्यांनाच सूज येते. इंग्रजीत याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा चंदीच्या पोत्याला तोंड लावून पोटभर धान्य खातो, त्यानंतर हा होऊ शकतो. अंगाने सुटलेल्या, मानेवर चरबी चढलेल्या घोड्यालाही होतो. असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे टाचांवर घेतो, वळताना अडखळतो, जागचा हलायला तयार नसतो. यात एक दिवसही थांबू नये. पशुवैद्यक येईपर्यंत धान्य बंद ठेवून खूर बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक पाय दुखतो म्हणून सारा भार दुसऱ्यावर टाकून घोडा दिवसेंदिवस उभा राहिला, तर त्या चांगल्या पायालाही हाच आजार होतो. म्हणून दुखऱ्या पायाइतकीच चांगल्या पायाकडेही नजर हवी. आणि उभ्या असलेल्या घोड्याला कामाच्या दिवसांइतकी चंदी घालू नये. वरातीतले पाहुणे हौसेने गूळ, पेढे, जिलेबी भरवतात, तेही हात जोडून थांबवावे.

याशिवाय नसा ताणल्या जातात (शिरा नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), सांधे झिजतात, हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. खांद्यात आणि पाठीतही दुखणे असू शकते, पण ते त्या मानाने कमी.

कारण सापडत नाही म्हणजे काय

आपल्याकडे अडलेल्या कामाबद्दल विचारतात, घोडे कुठे पेंड खाते? येथे खरोखरच्या घोड्याबाबत तो प्रश्न आहे, आणि उत्तर यायला वेळ का लागतो हे मालकाला कोणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे. माणसांचेच पाहा. कंबरदुखीच्या दहापैकी आठ-नऊ रुग्णांत नेमके एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. तरी दुखते हे खरेच असते. शिवाय माणूस बोलतो. घोड्याचे दुखणे चालीवरून, स्पर्शावरून आणि एकेक शक्यता बाजूला सारत ओळखावे लागते.

पशुवैद्यक आधी घोडा उभा असताना पाहतात, मग चालवून, मग दुडक्या चालीने पळवून, कडक जमिनीवर आणि मऊ मातीत. पुढचा पाय दुखत असेल तर त्यावर भार येताच घोडा मान वर झटकतो आणि चांगल्या पायावर येताना मान खाली जाते. पुष्कळ मालक नेमके उलटे समजतात आणि चांगल्याच पायाला लेप लावत बसतात. मग मोठ्या चिमट्याने खूर ठिकठिकाणी दाबून पाहतात. एवढ्याने उलगडले नाही, तर पायाच्या नसेजवळ (येथे मात्र संवेदना नेणारी नस) बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. सुरुवात सर्वांत खालून, खुराजवळून करतात. इंजेक्शननंतर लंगडणे थांबले तर दुखणे त्या भागात. नाही थांबले तर थोडे वरचा भाग बधिर करून पुन्हा चालवतात. काम वेळखाऊ आहे, पण बोलता न येणाऱ्या रुग्णाला 'इथे दुखते का?' असे विचारण्याचीच ही रीत आहे.

एक्स-रे चांगला आला म्हणून मालकाने हुरळू नये आणि घाबरूही नये. बारीक चीर पहिल्या दिवशी न दिसता दहा ते चौदा दिवसांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेत दिसते. नसांची इजा एक्स-रेत दिसतच नाही, तिला सोनोग्राफी लागते. आणि तपासणीच्या आदल्या रात्री कोणी वेदनाशामक टोचले असेल, तर सकाळी घोडा ऐटीत चालून दाखवतो आणि डॉक्टर हात हलवत परत जातात. म्हणून दिलेले प्रत्येक औषध, वेळेसकट, त्यांना सांगावे. गावठी दिले असेल तर तेही सांगावे.

आप्पांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांना कळत नाही असं नाही, अजून कळायचं आहे." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला मी पाहिला.

घरच्यांनी काय करावे

मुख्य त्रास असतो तो चौकशांचा. ओट्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारतो, "काय, कशी आहे घोडी?" आणि उत्तर ऐकायच्या आत उपाय सांगून जातो. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते डाग द्या, कोणी म्हणते आमच्या मामांच्या घोड्याला असेच झाले होते, शेवटी मेला. मालक दिवसातून वीस वेळा हे ऐकतो. घरातल्या एकाने, थोरल्या मुलाने किंवा भावाने, ही उत्तरे देण्याचे काम अंगावर घ्यावे. "उपचार चालू आहेत, पुढची तपासणी बुधवारी आहे," एवढे पुरे. डागण्याने लंगडणे बरे होते याला आधार नाही. मूळच्या दुखण्यात भाजल्याच्या जखमेची भर मात्र पडते.

"जनावरच आहे, दुसरं घ्या," हे वाक्य कोणीही उच्चारू नये. बोलणाऱ्याला वाटते आपण धीर देतो. ऐकणाऱ्याने त्या घोडीला सहा वर्षे खरारा केलेला असतो. "तुम्हीच जास्त पळवलं असेल," हेही नको. मालक स्वतःला तेच विचारत रात्र काढत असतो. आप्पांच्या मनात होते की शेवटच्या वरातीत डी.जे.च्या गोंगाटात घोडी बुजली आणि त्यांनी लगाम जोरात ओढला, तेव्हाच काहीतरी झाले. ते त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. मी म्हणालो, "आप्पा, हे जसेच्या तसे पशुवैद्यकांना सांगा, ते तपासासाठी उपयोगी आहे. शिक्षा ठरवायला कोणी बसलेले नाही."

धीर शब्दांपेक्षा कामाने जास्त मिळतो. रात्री दहा ते दोन मी बसतो, तुम्ही घरात जाऊन झोपा, असे म्हणणारा एक माणूस हवा. पशुवैद्यकांकडे जाताना सोबत दुसरे कोणीतरी असावे, कारण घाबरलेल्या माणसाला निम्मे ऐकू येत नाही, हा मला माणसांच्या दवाखान्यातला रोजचा अनुभव आहे. सोबतच्याने कागदावर चार प्रश्न लिहून न्यावेत: तुम्हाला कशाची शंका आहे, पुढची तपासणी कोणती आणि तिने उपचारात काय बदलेल, खर्च साधारण किती, आणि कोणते लक्षण दिसले तर रात्रीही फोन करायचा. उत्तरे तिथेच टिपून घ्यावीत.

आणखी एक काम मी आप्पांच्या मुलाला सांगितले. तो बारावीत होता, वडिलांशी फारसे बोलत नसे. शंभर पानी वहीत रोज सकाळ-संध्याकाळ नोंद करायची. घोडीचा ताप (निरोगी घोड्याचा ९९.५ ते १०१.३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो), नाडीचे ठोके (विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४, खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटांना लागतात), खूर हाताला गरम लागतो का, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडते का, किती वेळ आडवी होती, लीद किती वेळा, खाल्ले काय, औषध कोणते व किती वाजता. नाल कधी बदलली तेही लिहायचे. चालतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाइलवर दर दोन दिवसांनी, त्याच जागी. दुखत असल्याचे चेहऱ्यावरूनही कळते. कान ताठ व मागे वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, जबडा आवळलेला, नाकपुड्या ताणलेल्या. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी यावरून घोड्याच्या वेदनेची मोजपट्टीच तयार केली आहे. घोडा मागचा एखादा पाय सैल सोडून उभा असेल तर घाबरू नये, ती त्याची विश्रांतीची पद्धत आहे. पुढचा पाय मात्र तो उगाच पुढे टाकून ठेवत नाही.

या वहीचा उपयोग पशुवैद्यकांना झालाच. त्याहून अधिक आप्पांना झाला. नुसते टक लावून पाहत बसण्याऐवजी हाताला काम मिळाले, आणि कालच्यापेक्षा आज काय, हे मनाच्या धास्तीवर न ठरवता कागदावर पाहता येऊ लागले.

पैशाचे एक. घेतलेल्या सुपाऱ्या वेळेवर सोडून द्याव्यात, शक्यतो दुसऱ्या घोडीवाल्याशी बोलून देऊन. शेवटच्या दिवशी वधूवरांकडचे येऊन भांडतात, मग मालक घोडीला इंजेक्शन टोचून वरातीला उभी करतो. अशा वेळी दुखणे झाकले जाते, इजा वाढते, आणि वर बसलेल्या नवरदेवाचाही जीव धोक्यात येतो. दुखणाईत जनावर कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

मालकाची स्वतःची तपासणी

आता माझ्या अखत्यारीतले. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घ आजारी कुत्र्या-मांजरांचे मालक तपासले होते. निरोगी प्राण्यांच्या मालकांपेक्षा त्यांच्यात ताण, चिंता आणि उदासी अधिक आढळली, घरातल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांत आढळते तशीच. आमच्या घोडीवाल्यांचा तर संसारही त्या जनावरावर असतो. म्हणून घोडा आठवड्याहून अधिक दुखणाईत असेल, तर मालकाने एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ज्यांना आधीपासून गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या या दिवसांत चुकवू नयेत. चुकतात त्या नेमक्या याच दिवसांत. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम, असे झाले तर ॲसिडिटी समजून सोडा पिऊन बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

झोपेच्या गोळ्या मी सहसा देत नाही. पाळी लावून सलग सहा तास झोप मिळाली तर चार दिवसांत निम्म्या तक्रारी कमी होतात. रात्री जागायला म्हणून चहा आणि झोपायला म्हणून दारू, हे चक्र मात्र घरच्यांनी ओळखून तोडावे.

वेदनेत असलेला घोडा आपला असला तरी लाथ मारतो, चावतो. त्याच्या थेट मागे उभे राहू नये, पाय उचलताना शेजारी दुसरा माणूस मोहरकी धरून असावा, मुलांना तबेल्यापासून दूर ठेवावे. पोटात लाथ बसली आणि बाहेर फक्त निळे वळ दिसले, तरी रुग्णालयात जावे. प्लीहेला किंवा यकृताला इजा असेल तर आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदेत आणि तबेल्याच्या मातीत असतात. मालकाने दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस घ्यावी. घाणेरडी जखम झाली आणि शेवटच्या लसीला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. घोड्याला तर धनुर्वात फारच लवकर होतो, तेव्हा खुरात खिळा गेल्यावर त्याच्या लसीचे पशुवैद्यकांना विचारावे. तो खिळा, पशुवैद्यक लवकर येणार असतील आणि तो आणखी आत जाण्याची भीती नसेल तर, उपटू नये. तो जागेवर असताना काढलेल्या एक्स-रेत किती आत गेला ते दिसते.

आणि एक प्रश्न मी अशा माणसाला सरळ विचारतो: "जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" घरच्यांनीही विचारावा. विचारल्याने तसे विचार मनात शिरत नाहीत. असलेले बाहेर येतात. उत्तर हो असेल तर माणसाला एकटे सोडू नये, गोठ्यातली कीटकनाशके घराबाहेर हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे. १४४१६ या टेलिमानसच्या निःशुल्क क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीतून बोलता येते. जनावराच्या उपचारासाठी शासनाचा क्रमांक १९६२ आहे.

आप्पांच्या घोडीचे पुढे असे झाले. बाहेरगावाहून घोड्यांचे अनुभवी पशुवैद्यक आले, वही वाचली, पाय खालून बधिर केला आणि घोडी पाच मिनिटांत सरळ चालली. म्हणजे दुखणे खुरातच. तळवा थोडा खरवडून, कोमट पाणी व मॅग्नेशियम सल्फेटचा लेप बांधत राहिले. चौथ्या दिवशी केसांच्या रेषेवर काळपट पू फुटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीने पाय टेकला. पू कशाने झाला, हे पशुवैद्यकांनाही खात्रीने सांगता आले नाही. महिन्याने आप्पांचा रक्तदाब १३४/८६ होता. गोळी चालूच आहे.

सगळ्यांचे असे होत नाही. यात्रेत फेऱ्या मारणाऱ्या एका वयस्क गृहस्थांच्या घोड्याचे सात महिने उलगडले नाही. दोन ठिकाणी तपासण्या झाल्या, विश्रांती झाली, नाल बदलून झाली. सपाट मातीवर तो बरा चाले, पोर पाठीवर बसले की लंगडे. शेवटी पशुवैद्यकांनी सांगितले, कारण नेमके मिळत नाही, पण ओझ्याशिवाय हा घोडा आरामात जगेल. मालकाने तो मेहुण्याच्या मळ्यात सोडला आणि स्वतः यात्रेत खेळण्यांचे दुकान लावतात. हा निर्णय घ्यायला त्यांना दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत ते माझ्याकडे सहा वेळा आले. औषध असे मी एकदाच दिले, बाकी वेळा बसवून ऐकून घेतले. आणि काही घोड्यांच्या बाबतीत वेदना आवरतच नाही, तेव्हा पशुवैद्यक शांत मरण देण्याचे सुचवतात. त्या दिवशी मालकाने जवळ थांबायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे. थांबला तर सोबत कोणीतरी असावे. नंतरचे पंधरा दिवस त्याच्या घरी जेवणाच्या वेळेला डोकावून यावे. रिकाम्या तबेल्यासमोर माणूस बसलेला असेल तर तेथेच शेजारी बसावे.

एका वाचकाने विचारले आहे, "घोड्यासाठी आणलेले वेदनाशामक इंजेक्शन उरले आहे. माझी कंबर दुखते, कंपाउंडरकडून टोचून घेऊ का? आणि माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या घोड्याला चालतात का?"

दोन्हीला उत्तर नाही. घोड्यांना देतात ते फिनाइलब्युटाझोन माणसाच्या अस्थिमज्जेवर घातक परिणाम करू शकते, रक्तपेशी तयार होणेच बंद पडते. उलट, माणसाच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी घोड्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरत होती. उरलेली बाटली पशुवैद्यकांना परत दाखवा, आणि कंबरेसाठी सकाळी दवाखान्यात या. येताना घोडा केव्हापासून आजारी आहे, तेही सांगा.